पाच डॉलर दंड

उत्तर कॅरोलायनातल्या ईडन्टन गावात खाडीच्या काठाने हिरवळीचा एक लांबट पट्टा आहे. त्याच्या वरच्या टोकाला, पाण्याकडे तोंड करून, विटांची एक दुमजली इमारत उभी आहे. मधला भाग किंचित पुढे आलेला, त्याच्यावर त्रिकोणी माथा, छपरावर पांढरा लाकडी मनोरा. हे चोवान काउंटीचं जुनं कोर्ट. बांधलं १७६७ साली, म्हणजे पुण्यात थोरले माधवराव पेशवे कारभार पाहत होते तेव्हा. अमेरिका हा देश जन्माला यायला अजून नऊ वर्षं होती आणि या इमारतीतला न्याय इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जच्या नावाने होत असे.

मी रॉली या राज्याच्या राजधानीजवळ राहते. इथून पूर्वेला निघालं की दोन-अडीच तासांत ईडन्टन येतं. तंबाखू आणि कापसाची सपाट शेतं, मग पाणथळ जंगल, मग रुंद होत जाणाऱ्या नद्या. आमच्या भागातली मराठी मंडळी समुद्रावर जाताना या बाजूने जातात, पण गावात फारसं कुणी थांबत नाही. मी थांबू लागले ती या इमारतीमुळे.

आत गेल्यावर खाली कोर्टाची खोली आहे. पायाखाली दगडी फरशी, समोर लाकडी कठडा, आणि मागच्या भिंतीत एक मोठा अर्धवर्तुळाकार कोनाडा. न्यायाधीशाची खुर्ची त्या कोनाड्यात. वरच्या मजल्यावर एक प्रशस्त दालन आहे, चारही भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत लाकडी तक्तपोशी केलेली. वसाहतकाळातली एवढी मोठी तक्तपोशीची खोली अमेरिकेत क्वचितच उरली असेल. फ्रीमेसन या बंधुसंघाची मंडळी तिथे जमत, नाच होत, मेजवान्या होत. राष्ट्राध्यक्ष मन्रो १८१९ साली आले तेव्हा त्यांचं स्वागत इथेच झालं. इमारतीत कुठेही थिल्लर नक्षी नाही. सगळं मोजून-मापून, दोन्ही बाजू सारख्या, खिडकीसमोर खिडकी. त्या खोलीत उभं राहिलं की वाटतं, इथे जे होईल ते रास्तच होईल. असं वाटावं म्हणूनच ती तशी बांधली होती, आणि म्हणूनच तिच्यात काय काय झालं हे नीट पाहायला हवं.

सुरुवात कोर्टाच्या शंभर-दोनशे वर्षं आधी होते. चोवानोक हे इथले मूळचे लोक. १५८६ साली राल्फ लेन नावाचा इंग्रज सरदार होड्या घेऊन नदीने वर आला, त्यांचा पायाने अधू असलेला वृद्ध राजा मेनाटोनन याला त्याने पकडलं, त्याच्याकडून प्रदेशाची माहिती काढून घेतली आणि त्याच्या मुलाला ओलीस ठेवलं. पुढे १६६३ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने एका सनदेने हा सगळा मुलूख आपल्या आठ उमरावांना देऊन टाकला. राज्य परत मिळवायला त्यांनी मदत केली होती, त्याची ती परतफेड. त्या आठांपैकी कुणालाही तिथे राहणाऱ्या माणसांची परवानगी लागली नाही. १६७५ ते १६७७ या काळात चोवानोक लढले आणि हरले. मग त्यांना बेनेट्स क्रीक नावाच्या ओढ्याकाठी एक राखीव तुकडा नेमून दिला गेला, आणि पुढच्या शतकभरात तोही विक्रीखतांनी थोडा थोडा करून संपला. युद्धात जेवढी जमीन गेली नाही तेवढी कागदांनी गेली. अलीकडे त्यांचे वंशज पुन्हा एकत्र आले आहेत आणि त्याच परिसरात त्यांनी थोडी जमीन विकत घेतली आहे. आपल्या पूर्वजांची जमीन, बाजारभावाने.

ईडन्टन गाव वसलं ते अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. १७२२ मध्ये नुकत्याच वारलेल्या चार्ल्स ईडन या गव्हर्नरचं नाव त्याला मिळालं. पुढची वीसेक वर्षं वसाहतीचा कारभार प्रामुख्याने इथूनच चालला. १७२९ साली आठांपैकी सात मालकांनी आपले हिस्से राजाला विकले. एकाने नकार दिला. तो लॉर्ड कार्टरेट, पुढचा अर्ल ग्रॅनव्हिल. त्याच्या वाट्याला उत्तर कॅरोलायनाचा जवळजवळ उत्तरेकडचा अर्धा भाग आला. राज्य राजाचं, पण जमिनीचा धारा ग्रॅनव्हिलचा. तो स्वतः कधी इकडे फिरकला नाही, त्याचे कारभारी ईडन्टनला बसत. त्यांच्यातला फ्रान्सिस कॉर्बिन हा जादा फी उकळतो, एकच जमीन दोघांना लावून देतो, अशा तक्रारी होत्या. त्याने १७५८ मध्ये बांधलेलं घर अजून गावात आहे, आणि फार देखणं आहे. त्याच्या पुढच्याच वर्षी जानेवारीत चिडलेल्या शेतकऱ्यांनी त्याला रात्री ईडन्टनमधून उचललं, दूर एनफील्डला नेलं, आणि हिशेब नीट करीन असा जामीनकतबा लिहून घेतल्यावरच सोडलं.

माझं माहेर रत्नागिरीकडचं. खोतीच्या गावात वाढलेल्या आजीच्या तोंडून मक्ता, धारा, बेदखल हे शब्द ऐकत मी मोठी झाले. त्यामुळे कॉर्बिनची हकिगत वाचताना मला परक्या देशाचा इतिहास वाचतेय असं मुळीच वाटलं नाही.

याच गावातल्या बायकांनी २५ ऑक्टोबर १७७४ रोजी एक ठराव केला. एकावन्न सह्या. त्या ऑगस्टमध्ये न्यू बर्नला भरलेल्या प्रांतिक परिषदेने इंग्रजी मालावर बहिष्कार घालायचं ठरवलं होतं. त्याला आमचा पाठिंबा आहे, देशाच्या सुखशांतीचा प्रश्न असताना आम्ही उदासीन राहू शकत नाही, असं या बायकांनी लिहून दिलं. त्यांच्या पुढारी म्हणून पेनेलोपी बार्कर यांचं नाव सांगितलं जातं. बॉस्टनच्या पुरुषांनी चहा समुद्रात टाकला तो तोंडाला रंग फासून, वेश पालटून. इथे बायकांनी आपापली नावं उघड लिहिली आणि कागद लंडनला धाडला. तो जानेवारी १७७५ मध्ये तिथल्या वर्तमानपत्रात छापून आला. लंडन हसलं. मार्चमध्ये एक व्यंगचित्र विक्रीला आलं. त्यात या बायका कुरूप आणि थिल्लर दाखवल्या आहेत, टेबलाखाली एक दुर्लक्षित मूल आहे, कुत्रा आहे. मागे एक काळी स्त्री उभी आहे. ठरावावर सही करणं तिच्या नशिबात नव्हतं, कारण ती स्वतःच कुणाच्या तरी मालकीची.

त्याच मार्च १७७५ मध्ये सुरतेला राघोबादादा ईस्ट इंडिया कंपनीशी तह करत होते. हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही, कारण दोन्हीकडची कंपनी एकच होती. बंगालमध्ये १७७० च्या दुष्काळात माणसं मेली, कंपनीचा महसुलाचा हिशेब कोसळला, वखारींत चहा पडून राहिला. मग १७७३ साली इंग्लंडच्या संसदेने कंपनीला वाचवायला तीन गोष्टी केल्या. चौदा लाख पौंडांचं कर्ज दिलं, तिच्या कारभारावर लगाम घालणारा रेग्युलेटिंग ॲक्ट केला, आणि तिचा चहा थेट अमेरिकेत विकायची मुभा देणारा टी ॲक्ट केला. टी ॲक्टचा परिणाम बॉस्टनला आणि ईडन्टनला दिसला. रेग्युलेटिंग ॲक्टमुळे मुंबईचे इंग्रज कलकत्त्याच्या हाताखाली गेले, आणि सुरतेचा तह कलकत्त्याला न विचारता केला म्हणून त्यांनाच तो पुढे मोडावा लागला. आपण शाळेत हे दोन वेगवेगळ्या धड्यांत शिकतो. बार्करबाईंच्या गावात ते एकाच धड्यात दिसतं.

कोर्टासमोरच्या हिरवळीच्या कडेला एका जुन्या तोफेवर काशाची मोठी चहादाणी बसवली आहे. ती बसवली १९०५ साली, म्हणजे ज्या वर्षी पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली त्या वर्षी.

या गावाने आणखी एक मोठा माणूस दिला, आणि तो या कोर्टाशी जास्त बांधलेला आहे. जेम्स आयरडेल. १७६८ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, तो इंग्लंडहून इथल्या बंदरात जकातीचा अंमलदार म्हणून आला. नोकरी सांभाळून सॅम्युएल जॉन्स्टन या वकिलाकडे कायदा शिकला, जॉन्स्टनच्या बहिणीशी लग्न केलं, आणि ज्या राजाची जकात गोळा करत होता त्याच्याविरुद्ध लिहू लागला. आयरडेलच्या भावाने लंडनहून थट्टेने विचारलं होतं, ईडन्टनला आता बायकांचीही काँग्रेस भरते काय? १७९० मध्ये वॉशिंग्टनने आयरडेलला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयावर नेमलं. त्याआधीच, १७८६ साली, त्याने जाहीरपणे मांडलं होतं की विधिमंडळाने केलेला कायदा राज्यघटनेच्या विरुद्ध असेल तर न्यायालयाने तो मानू नये. आज आपल्याला हे पाठ आहे. तेव्हा ते धाडस होतं. न्यायाधीश हा नुसता हुकमाचा ताबेदार नाही, तो 'नाही' म्हणू शकतो, हा विचार ज्यांनी आधी बोलून दाखवला त्यांच्यात या लहानशा गावातला वकील होता. त्याच्या घरीही गुलाम होते. त्या घराची सफर आज कोर्टाबरोबरच घडवतात.

काउंटीचं कोर्ट म्हणजे फक्त खटले नव्हेत. वर्षातून चार वेळा गावातले प्रतिष्ठित जमीनदार न्यायाधीश म्हणून बसत, आणि आपल्याकडे मामलेदार कचेरीत जे जे चालतं ते सगळं तिथे चाले. खरेदीखतं नोंदवायची, मृत्युपत्रं सिद्ध करायची, रस्ता कुणी दुरुस्त करायचा ते ठरवायचं, खानावळीला परवाना द्यायचा, पोरक्या मुलांना कारागिराकडे कामाला बांधून द्यायचं. कोर्टाच्या दिवशी गाव भरून जाई. शेजारीच हॉर्निब्लोची खानावळ. वकील तिथे उतरत, घोडे तिथे बांधले जात, आणि कर्जदाराची मालमत्ता लिलावाला निघाली की तिच्यात माणसंही असत.

गुलामांच्या बाबतीत कोर्टाचा शब्द शेवटचा होता. एखाद्या मालकाला आपला गुलाम मुक्त करावासा वाटला तरी ते त्याच्या हातात नव्हतं. त्या माणसाने काहीतरी विशेष सेवा केली आहे हे दाखवून कोर्टाची मंजुरी घ्यावी लागे. विकायला मंजुरी लागत नसे. गुलामाला गोऱ्या माणसाविरुद्ध साक्ष देता येत नसे. १७८६ साली जोसाया कॉलिन्स या ईडन्टनच्या व्यापाऱ्याच्या कंपनीने थेट आफ्रिकेहून एका जहाजातून ऐंशी माणसं याच बंदरात उतरवली आणि पलीकडच्या दलदलीत कालवा खणायला लावली. हे सगळं कायदेशीर होतं. ज्या नोंदवह्यांत घोडे आणि गलबतं यांची नोंद होई त्यांतच त्यांचीही.

आता लिडियाबद्दल. मी या गावात वारंवार जाते ती मुख्यतः तिच्यासाठी.

लिडिया ही गुलाम बाई. तिची मालकीण एलिझाबेथ जोन्स ही कायद्याने अज्ञान, त्यामुळे व्यवहार पालक पाहत. त्यांनी लिडियाला एका वर्षाच्या भाड्याने जॉन मॅन नावाच्या माणसाकडे कामाला दिलं. १८२९ मध्ये काही किरकोळ चुकीवरून मॅन तिला मारू लागला. ती त्याच्या हातून निसटली आणि पळाली. थांब म्हणाला, ती थांबली नाही. त्याने बंदूक उचलली आणि पळणाऱ्या बाईला मागून गोळी घातली. ती जखमी झाली.

इथपर्यंतची गोष्ट त्या काळात असाधारण नाही. असाधारण पुढचं आहे. गावाने मॅनवर फिर्याद गुदरली. सरकार पक्षाने त्याला आरोपी केलं, आणि त्या शरद ऋतूत बारा जणांच्या ज्युरीसमोर खटला उभा राहिला. बाराही गोरे, बाराही जमीन असलेले पुरुष. लिडिया साक्षीला उभी राहू शकत नव्हती, तिच्या वतीने बोलायला ती स्वतः सोडून बाकी सगळे होते. न्यायाधीश जोसेफ डॅनियल यांनी ज्युरीला सांगितलं की मॅन हा मालक नाही, भाडेकरू आहे, आणि शिक्षा क्रूर, अकारण आणि चुकीच्या मानाने अवाजवी वाटत असेल तर तो दोषी आहे. ज्युरीने त्याला दोषी ठरवलं. दंड झाला पाच डॉलर.

पाच डॉलर. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्या रकमेचा संताप आला होता. आता त्या बारा जणांबद्दल मला काहीतरी वेगळं वाटतं. त्यांच्यातला कुणी गुलामगिरीच्या विरोधात उठला नव्हता. पण पळणाऱ्या बाईच्या पाठीत गोळी घालणं हे चूक आहे, एवढं त्यांना दिसलं आणि त्यांनी ते एकमताने कागदावर आणलं. तो गुन्हा आहे हे म्हटलं गेलं. किती तोकडं आहे ते मला कळतं. तरीही ते म्हटलं गेलं, आणि मॅनला ते इतकं लागलं की पाच डॉलर भरून मोकळं होण्याऐवजी त्याने अपील केलं.

अपील राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात रॉलीला गेलं. तिथे टॉमस रफिन हे नुकतेच नेमले गेलेले न्यायाधीश होते. स्वतः गुलामांचे मालक, आणि काही वर्षांपूर्वी गुलाम खरेदी-विक्रीच्या धंद्यात भागीदारही. त्यांनी ज्युरीचा निकाल उलटवला. भाड्याने घेतलेल्या माणसालाही त्या मुदतीपुरते मालकाचेच अधिकार आहेत, आणि मालकाने आपल्या गुलामाला केलेल्या मारहाणीबद्दल त्याच्यावर खटला चालूच शकत नाही, असं त्यांनी लिहिलं. त्यातलं एक वाक्य अमेरिकेच्या कायद्याच्या इतिहासात राहून गेलं आहे: 'गुलामाची शरणागती परिपूर्ण व्हायची असेल तर धन्याची सत्ता निरंकुश असली पाहिजे.'

हे लिहिताना त्यांनी हळहळही व्यक्त केली. हा सिद्धांत किती कठोर आहे हे मला इतर कुणाइतकंच खोलवर जाणवतं, एकांतात विचार करणारा प्रत्येक माणूस तो नीतीच्या दृष्टीने नाकारील, पण गुलामगिरी आहे तोवर हे असंच असणार. माणसाची भावना आणि न्यायाधीशाचं कर्तव्य यांच्यातली ओढाताणही त्यांनी सांगितली आहे. या हळहळीसाठी पुढे अनेकांनी रफिनना मान दिला, त्यांच्या प्रामाणिकपणाची तारीफ केली. मला ते पटत नाही. ज्याच्या हातात काही नसतं त्याची हळहळ मी समजू शकते. रफिनच्या हातात निकाल होता. खालच्या न्यायाधीशाने त्यांना वाटही काढून दिली होती: मालक वेगळा, भाडेकरू वेगळा. ज्युरीने त्या वाटेवर पाऊलही टाकलं होतं. निकाल कायम करायला कुठलाही नवा कायदा करावा लागणार नव्हता. त्यांनी ती वाट बुजवली, आणि मग वाट नाही म्हणून हळहळले.

अशा वेळी मराठी माणसाच्या मनात रामशास्त्री आल्यावाचून राहत नाहीत. नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३ चा. चौकशी करून राघोबादादांना तोंडावर दोषी ठरवणं, देहान्त प्रायश्चित्त सांगणं आणि पद सोडून पुण्याबाहेर पडणं, ही हकिगत आपल्या कानावर शाळेच्याही आधी पडते. ईडन्टनच्या बायकांची खिल्ली उडवणारं चित्र लंडनमध्ये विकलं जात होतं तेव्हा सुरतेला तह करणारे राघोबा हेच. न्यायाधीश काय करू शकतो याचं माप म्हणून मला शास्त्रीबुवा आठवतात. पण इथे हात आखडता घ्यावा लागतो. पेशवाईतही कुणबिणी आणि बटकी विकल्या-घेतल्या जात होत्या, सरकारी दप्तरात त्यांच्या किमती आहेत. त्यांच्यातल्या एखादीला पळताना कुणी मारलं असतं तर तिची फिर्याद शनिवारवाड्यापर्यंत पोचली असती, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. राजाला शिक्षा सांगणारा न्यायाधीश आपल्या गोष्टींत अमर होतो. बटकीच्या बाजूने निकाल देणाऱ्यांची गोष्ट आपल्याकडे नाही, आणि अमेरिकेतही त्या बारा ज्युरींची नावं कुणाला पाठ नाहीत.

ज्युरी म्हटलं की आपल्याला नानावटी खटला आठवतो. मुंबईत ज्युरीने नौदलाच्या देखण्या अधिकाऱ्याला निर्दोष सोडलं आणि उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून शिक्षा दिली. सामान्य माणसं भावनेच्या भरात वाहवतात, वरचं कोर्ट सावरतं, असा धडा आपल्या पिढ्यांनी त्यातून घेतला, आणि पुढे ज्युरीच आपल्याकडून गेली. मीही तोच धडा घेऊन इथे आले होते. ईडन्टनचा खटला त्याच्या बरोब्बर उलट आहे. इथे शेतकऱ्यांना जे दिसलं ते विद्वानाने पुसलं.

लिडियावर गोळी झाडली गेली तेव्हा याच गावात हॅरिएट जेकब्स नावाची पंधरा-सोळा वर्षांची गुलाम मुलगी होती. जन्म १८१३ चा. तिचा धनी डॉक्टर जेम्स नॉरकॉम तिच्या मागे लागलेला. कायदा कुणाच्या बाजूने आहे हे गावातल्या प्रत्येक गुलाम मुलीला रफिनचा निकाल न वाचताही माहीत होतं. तिची आजी मॉली हॉर्निब्लो हिला १८२८ मध्ये लिलावात उभं केलं गेलं. सगळं गाव तिला ओळखत होतं, तिच्या हातचे पदार्थ खात होतं. एका म्हाताऱ्या गोऱ्या बाईने ती विकत घेतली आणि मुक्त केली. त्या आजीच्या किंग स्ट्रीटवरच्या घराच्या माळ्यावर हॅरिएट १८३५ मध्ये लपली. माळा नऊ फूट लांब, सात फूट रुंद, आणि सर्वांत उंच ठिकाणी तीन फूट. उभं राहता येत नव्हतं. ती तिथे जवळजवळ सात वर्षं राहिली. भोक पाडून त्यातून आपली मुलं रस्त्यावर खेळताना बघायची. कोर्टही किंग स्ट्रीटवरच आहे. ती सापडावी म्हणून नॉरकॉमने तिच्या लहान मुलांना आणि भावाला तुरुंगात टाकलं. १८२५ सालचा तो तुरुंग कोर्टाच्या मागे अजून उभा आहे. १८४२ मध्ये ती गलबतातून उत्तरेला निसटली. तिने आपली हकिगत १८६१ साली टोपणनावाने प्रसिद्ध केली, आणि शंभरहून जास्त वर्षं लोक तिला कादंबरी समजत राहिले. विसाव्या शतकाच्या अखेरीस जुनी पत्रं आणि दप्तरं ताडून पाहिल्यावर मान्य झालं की बाई खरं सांगत होती. मला हे फार लागतं. जिवंतपणी साक्ष देऊ दिली नाही, लिहिली तर मानली नाही.

ईडन्टन इतकं जसंच्या तसं टिकलं याचं कारण त्याची पडझड. १७९५ च्या वादळाने समुद्राकडची वाट गाळाने भरली, पुढे डिस्मल स्वॉम्पचा कालवा झाला आणि माल व्हर्जिनियातल्या नॉरफोककडे वळला. नवं बांधायला पैसा उरला नाही म्हणून जुनं पाडलं गेलं नाही. काउंटीचं रोजचं काम १९८० च्या सुमारास नव्या इमारतीत गेलं. जुनी इमारत आता राज्याचं ऐतिहासिक स्थळ आहे, उत्तम डागडुजी झालेली. रॉलीतही काही हललं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीशांच्या खुर्चीमागे कित्येक वर्षं रफिन यांचं भलंमोठं तैलचित्र होतं. डिसेंबर २०२० मध्ये ते तिथून काढायचं ठरलं. अपील न्यायालयाच्या दारातला त्यांचा पुतळा त्याच उन्हाळ्यात हलवला होता. म्हणजे तोपर्यंत, काळे वकील त्या न्यायालयात उभे राहून युक्तिवाद करत तेव्हा, त्यांची नजर त्या चेहऱ्यावरच जात असे.

मी काही वर्षांपूर्वी इथली नागरिक झाले. मागच्या महिन्यात टपालाने ज्युरीच्या कामासाठी बोलावणं आलं. ओळखीचे सगळे एकच सांगतात: कामाचं काहीतरी कारण कळव, सूट मिळते. आमच्या शनिवारच्या गप्पांत तर सूट मागायच्या युक्त्यांची देवाणघेवाणच झाली. आपलं इंग्रजी वेगळं, आपल्याला इथले व्यवहार काय कळणार, असं एका काकांनी प्रेमाने समजावलं. मी त्यांना चोवान काउंटीचे बारा जण सांगितले. त्यांना कायदा रफिनहून कमी कळत होता. गोळी कुठून आली आणि कुठे लागली हे मात्र कळलं होतं. काकांना बंदूक, पाठ आणि पाच डॉलर इतकं पटलं की त्यांनी खटल्याचं नाव लिहून घेतलं. सूट मागायचा अर्ज मी भरलेला नाही. सकाळी आठला हजर व्हायचं आहे, गाडी कुठे लावायची तेही बोलावण्यात लिहिलं आहे.